पार्सल सोडवताना

हॅलो?

हं, ताई… बोल… हो, येतोय आवाज. तुला येतोय ना माझा?… मग ठीक.

नाही, घरी नाही मी. दुकानातही नाही… अगं, गोंगाट असणारच. साठ-सत्तर माणसं आणि एक पंखा, तोही साहेबांच्या डोक्यावर. पार्सल ऑफिसात बसलेय. कस्टमच्या.

हो, तुझंच पार्सल.

नाही, हातात नाही आलं अजून. दिसतंय मात्र. काचेपलीकडे फळीवर ठेवलंय. तुझं ते मोठ्ठं अक्षर, इथून वाचता येतंय… हो, आईच्या कानाचं मशीनच असणार, दुसरं काय असणार?

अगं ऐक ना… ऐकून तर घे. सोमवारी नोटीस आली. घरी नाही, चष्म्याच्या दुकानात. पत्ता दुकानाचा म्हणून नोटीसही दुकानात… हो, मीच दिला होता पत्ता. घरी आई एकटी, बेल वाजवून वाजवून पोस्टमन परत जातो, तिला कुठे ऐकू येतंय? म्हणून दिला. पण मालकांनी ती नोटीस माझ्या काचा घासायच्या मशीनवर आणून ठेवली आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, ‘बाई, माझं चष्म्याचं दुकान आहे की बंदर?’

हसू नकोस. मला नाही आलं हसू.

नोटीस कशाची म्हणजे? कस्टमचे पैसे भरा आणि माल सोडवा. आज पाच वाजेपर्यंत. नाही सोडवला तर उद्यापासून रोजचं भाडं, आणि आठवड्याने परत. जिथून आलं तिथे.

किती? मशीनच्या किमतीच्या निम्मे… हो, निम्मे! चुकून नाही, तीन वेळा विचारलं मी. वर साठवणुकीचे, वर हाताळणीचे. हाताळणी म्हणजे काय हो, असं विचारलं, तर खिडकीवरचा मुलगा म्हणतो, डबा या फळीवरून त्या फळीवर ठेवला. त्याचे.

काय? ‘असं कसं झालं या वेळी’?

या वेळी?

जाऊ दे… नाही, काही नाही. जाऊ दे म्हटलं ना… अगं, जाऊ दे… सोडत नाहीस तू. मग ऐक. प्रत्येक वेळी झालंय हे. एकूण एक पार्सलाला… हो, गुडघ्याच्या पट्ट्यालासुद्धा. त्या रक्तदाबाच्या मशीनला. शेकायच्या गादीला. आणि ते पाय चेपायचं धूड पाठवलं होतंस ना, अकरा किलोचं, त्याला तर वजनावर लावले होते. एवढं करून त्याची पिन आपल्या भिंतीत बसेना. दुसरी पिन आणून बसवली तर घरातले दिवे गेले. आता आई त्याच्यावर पाय ठेवून भाजी निवडते. पाट म्हणून वापरते ती त्याला!

का नाही सांगितलं म्हणजे? आईने शपथ घातली होती. ‘ताईला सांगू नकोस, तिच्या जिवाला लागेल, एवढ्या लांबून आठवणीने पाठवते पोर.’ तू पाठवायचं आणि मी सोडवायचं. तू रविवारी फोन करून विचारायचं, ‘आवडलं का आईला?’ आणि मी म्हणायचं, ‘हो, खूप.’

नाही, रडू नकोस. रडून काय होणार आहे? मी टोमणे मारत नाहीये… बरं, मारतेय. मारू दे एकदा. सहा वर्षं गप्प बसले.

पैसे पाठवतेस? पाठव. आत्ता पाठव… बघ. दर वेळी हेच. ‘पाठवते,’ मग ‘तुझ्या भावोजींना विचारते,’ मग रविवार, मग पुढचा रविवार. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही पाठवते म्हणालीस आणि आली काय, तर शेकायची गादी! आयजीच्या जिवावर बायजी उदार. लोक विचारतात, ‘मोठी परदेशात ना? स्वतःचं दुकान ना?’ मी म्हणते, ‘हो हो, मजेत आहे.’ तूच सांगतेस ना मजेत म्हणून?

पैसे कुठून म्हणजे? आणलेत ना. आहेत पाकिटात. दाढेचे आहेत… माझ्या दाढेचे! आणखी कोणाच्या? दीड वर्ष डाव्या बाजूने चावतेय मी, ताई. दाढ बसवायची म्हणून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत होते. डॉक्टरांनी माप घेऊन ठेवलंय. परवाची वेळ दिली होती. काल फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. ते म्हणाले, ‘बाई, दाढ वाट बघते का?’

नाही, मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. मशीन हवंय तिला, मला का कळत नाही? दिवसभर घशाच्या शिरा ताणून बोलते मी तिच्याशी. तुझा फोन आला की ती कानाला लावते आणि तू काहीही विचारलंस तरी म्हणते, ‘हो, जेवले.’ तू विचारतेस, ‘पाय दुखतो का?’ ‘हो, जेवले.’ फोन ठेवला की मला विचारते, काय म्हणाली गं ती? मग मी मनचं सांगते. मी सांगते, ताई म्हणाली, तुझी फार आठवण येते.

…म्हणाली असशीलच. मला काय माहीत.

थांब, थांब, नंबर लागला. चौऱ्याऐंशी. ठेवू नकोस फोन. तू ऐक जरा कसं असतं ते. उंटावरून शेळ्या हाकतेस, एकदा खाली उतरून बघ.

हो साहेब, चौऱ्याऐंशी. हे घ्या, नोटीस… ओळखपत्र, हे… नाही साहेब, विकत नाही घेतलं. भेट आहे. बहिणीने पाठवलंय आईला. म्हणून म्हणते, एवढा कर कसा?… हो, सख्खी बहीण. ही काय, फोनवर आहे.

कसलं बिल?

नाही साहेब, बिल कसं असेल… बघू… ताई, पार्सलात बिल घातलंस तू? बाहेर चिकटवलेल्या पाकिटात बिल आहे म्हणतात साहेब… एक मिनिट, मला वाचू दे. चष्मा… हं. ‘विक्रेता’, हे तुमच्या दुकानाचं नाव. ‘ग्राहक’, आणि खाली आमचं दुकान. चष्म्याचं दुकान! ‘कानाचं यंत्र, दोन नग. पूर्ण रक्कम मिळाली.’

कोणाकडून मिळाली?

मी विचारतेय, कोणाकडून मिळाली, ताई? मी दिली? मालकांनी दिली? त्यांना कानाच्या मशीनचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या पडतात!

काय साहेब?… ह्या आधीचीसुद्धा? दाखवा… अगं, इथे कॉम्प्युटरवर सगळी कुंडली आहे माझी. अकरा पार्सलं. अकराच्या अकरा बिलांची. साहेब म्हणतात, हे तर नेहमीचं गिऱ्हाईक. भेटीला सूट असते म्हणे, आईबापांना पाठवलेल्या वस्तूला तर जवळजवळ काहीच लागत नाही. पण हा व्यापार आहे, म्हणून पुरा कर… हो का साहेब? तेही?… ऐकलंस? नाही, तूच ऐक. तिकडे माल देशाबाहेर विकला की दुकानदाराला तिथला कर परत मिळतो.

मिळतो ना?… हो की नाही एवढंच सांग.

वा. म्हणजे भेट तुझी, नाव तुझं, परतावा तुमचा आणि भुर्दंड माझा. मी बहीण नाहीच. मी गिऱ्हाईक! गिऱ्हाइकालासुद्धा सांगून विकतात गं. त्याला भाव तरी कळतो.

नाही, तू बोलूच नकोस… काय समजून घेऊ? कोणत्या तोंडाने सांगतेस समजून घे म्हणून? आईला सांगू का मी? मोठ्याने ओरडून सांगते, ऐकू येईपर्यंत. तुझी लांबची लेक तुझ्या औषधपाण्यावर कर सोडवून घेते!

…हो साहेब, सॉरी. हळू बोलते.

काय करता येईल म्हणालात?… बरं. बरं, विचारते. ताई, हे नीट ऐक. साहेब भला माणूस आहे. म्हणतो, दुकानाचा एक कागद आण. ‘ही विक्री नाही, घरगुती भेट आहे, बिल चुकून लागलं.’ खाली दुकानाचा शिक्का आणि मालकाची सही. फोटो काढून पाठवला तरी चालेल, पाचच्या आत. मग भेट म्हणून सोडतील. दोन ओळी आहेत. भावोजींना सांग आणि घे सही.

नाही म्हणतेस?

अगं, पण का नाही?… नंतर म्हणजे कधी? पावणेचार झालेत इथे… शिक्का तुझ्या समोरच्या खणात असेल, खण उघड… भावोजींना विचारायला काय झालं? बँकेत गेलेत तर येतील ना अर्ध्या तासात… परतावा परत द्यावा लागेल म्हणून? एवढ्यासाठी?… मग कशासाठी?

ते सांगता येत नाही. छान.

बरं ताई, मलाही एक येतं. ‘माल नको’ असा एक अर्ज असतो इथे. सही केली की माझा संबंध संपला. पार्सल उलट पावली तुमच्या दुकानात. सोडवा मग तिकडचं कस्टम भरून, भावोजींच्या हातातच पडेल. साहेब, तो नकाराचा अर्ज द्या मला… हो, विचार केलाय.

ओरडतेस कशाला? मघापासून मी ओरडत होते तेव्हा तुला काही वाटलं नाही. पाया पडू नकोस फोनवरून, मला दिसत नाही… हे बघ, पेन घेतलंय. पेनाला दोरी बांधलीय, ती पुरत नाही, म्हणून वाकून लिहितेय. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. ‘नाकारण्याचे कारण’, आणि जागा अर्धी ओळ. सहा वर्षं अर्ध्या ओळीत कशी बसवू?

बोल ना.

काय?… ‘मॅडम’? मला मॅडम म्हणतेस?

चेष्टा सुचतेय तुला?… ‘तुमची ऑर्डर’? कोणाची ऑर्डर? अगं ताई, डोकं ठिकाणावर आहे का…

…

भावोजी आले का दुकानात?

हो?

शेजारी उभे आहेत?… बरं. बरं, थांब. तू काही बोलू नकोस. मी विचारते, तू नुसतं ‘हो मॅडम’, ‘नाही मॅडम’ म्हण.

पार्सलं आमच्या घरी येतात, हे माहीत आहे त्यांना?… नाही. त्यांना वाटतं, चष्म्याचं दुकान विकत घेतं… हो. माहेरी पाठवते म्हणालीस तर पाठवू देणार नाहीत?… नाही. एखादा पट्टासुद्धा?… नाही.

मग गल्ल्यात पैसे कोणी भरले? बिलाचे… तू?

अकराही वेळा?

ताई, तुझ्याकडे तुझे असे पैसे असतात का?… नाही. घरखर्चाचे?… तेही मोजून? पण दिवसभर त्या दुकानात उभी असतेस ना गं तू! सकाळी कुलूप तू उघडतेस, हिशेब तू लिहितेस… काहीच नाही देत?

काहीच नाही.

मग आणतेस कुठून? उसने?… नाही. काही विकलंस?… नाही. दुसरीकडे काम करतेस का कुठे?… हो? त्यांच्या नकळत?… सकाळी, दुकान उघडायच्या आधी?… धुण्याभांड्याचं?… नाही. कोणा आजारी माणसाचं?… हो. बरं. पुरे. कळलं.

तिकडे कोणाच्या तरी आईचं करतेस आणि ते पैसे स्वतःच्याच दुकानात भरून आपल्या आईसाठी पट्टा विकत घेतेस. आणि वरचा परतावा त्यांच्या खिशात.

‘हो मॅडम.’ हं.

आणि मी तुला आत्ता काय काय बोलले…

कधीपासून आहे हे? पहिल्यापासून? म्हणजे तू ‘मजेत आहे’ म्हणायचीस तेव्हाही?… मला का नाही सांगितलंस? याला हो-नाही करता येत नाही, माहीत आहे मला. मीही कुठे सांगितलं तुला कस्टमचं? आपल्या घरात कोणी कोणाला वाईट वाटू देत नाही, त्यातच गेलो आपण.

आईला माहीत आहे?… नाही. सांगू?… नको. बरं, नाही सांगत.

आणि हे पार्सल परत आलं तर?… त्यांच्या हातात पडेल. आतली तुझी चिठ्ठीही निघेल. चिठ्ठी घातली आहेस ना आईला?… घातलीस. मग ते काय… नको, त्याचं उत्तर नको देऊस.

हात लावतात का अंगाला?

…

ताई?

‘तसं काही नाही मॅडम’ म्हणजे हो की नाही?

…बरं. बरं. मी आहे. ठेवू नकोस.

साहेब, तो अर्ज द्या इकडे. नाही, जमा नका करू. चुकून भरला… फाडते मी, माझाच आहे… हो, सोडवायचंय पार्सल. आत्ताच… नाही, कागद नाही येणार दुकानाचा. गरज नाही. खरेदीच आहे ती… मघाशी भेट म्हणाले मी, चुकलं माझं. माल मागवला होता. दुकानासाठी… हो साहेब, तसं लिहून देते. पुरा कर लावा. घ्या, मोजून घ्या… जास्त बघू नका हो माझ्याकडे. पावती फाडा.

ताई, भरले मी. ऐकतेस ना? भरले. सुटलं… आभार नको मानूस, राग अजून आहे माझा. फक्त तुझ्यावरचा नाही राहिला.

काय? कोणाला देतेस? नको, अगं फोन कशाला देतेस त्यांच्या…

हॅलो. हं, नमस्कार… हो, चष्म्याच्या दुकानातूनच… घसा बसलाय हो जरा, म्हणून आवाज असा… मालक का आपण? बरं वाटलं.

नाही हो, तक्रार कसली? कस्टमचं काहीतरी होतं, ते मी विचारत होते. मिटलं. तुमच्या बाईंनी सगळं नीट सांगितलं… माल उत्तम असतो तुमचा. सहा वर्षं घेतोय, उगीच का?

बाई फार चांगल्या आहेत हो तुमच्या. किती वर्षं आहेत कामाला?… अस्सं. घरच्याच का! नाही, मला वाटलं पगारी असतील. एवढं मन लावून करतात म्हणून म्हटलं… हो, घरच्या माणसाला कशाला पगार. बरोबर आहे.

सूट?… पाच टक्के? वा, मोठं मन आहे आपलं.

नाही, या वेळचं दुकानात ठेवायला नाही. एका म्हाताऱ्या बाईंसाठी आहे… नाही, तशा एकट्या नाहीत त्या. दोन मुली आहेत त्यांना.

हो… करतात ना. दोघी करतात.

बरं, एक विनंती होती. मशीन कानात बसलं की त्या म्हाताऱ्या बाई स्वतः फोन करतील तुमच्याकडे. आभार मानायला हो. जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना राहवत नाही… तुम्हाला नाही, बाईंना. बाईंशीच बोलायचंय त्यांना… जरा वेळ लागेल त्यांना बोलायला, हं. म्हातारं माणूस आहे, खूप दिवसांनी ऐकू येणार. मध्येच ठेवा म्हणू नका.

हो, गिऱ्हाईकच ते. म्हणूनच सांगून ठेवते. बाईंना फोन घेऊ द्या.

…

चालेल म्हणालात ना? मग झालं. ठेवते.